चाकू बाळगणारा सभ्य गृहस्थ

गेल्या वसुबारसेची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून मोठा आकाशकंदील सोडायचा होता. कंदील बाजारातून आणलेला, प्लॅस्टिकचा, पण चार मजली इमारतीला शोभेल एवढा थोर. दोरीही नवी कोरी, नायलॉनची, भलेमोठे वेटोळे. कंदील बांधून झाला, वायर गुंडाळून झाली, आणि मग उरलेली दोरी कापायची वेळ आली. गच्चीवर आम्ही अकरा पुरुष होतो. त्यांत एक इंजिनिअर, दोन बँकेतले, एक वकील, एक दंतवैद्य. प्रत्येकाच्या खिशात सगळ्या जगाशी बोलणारा फोन होता. दोरी कापायला मात्र कोणाजवळ काही नव्हते.

इंजिनिअरसाहेबांनी किल्लीच्या दात्यांवर दोरी घासून पाहिली. बँकेतल्या एकाने ती स्वतःच्या दातांनी तोडायला घेतली. दंतवैद्याने त्याला वेळीच आवरले. शेवटी कोणीतरी आगपेटी काढली, आणि प्लॅस्टिकच्या कंदिलापासून वीतभर अंतरावर नायलॉनची दोरी पेटवण्याचा बेत एकमताने मंजूर होऊ लागला. तेव्हा मी खिशातून चाकू काढला, दोरी कापली, चाकू मिटला आणि परत खिशात टाकला.

माझी कल्पना, कोणीतरी ‘वा!’ म्हणेल. पण गच्चीवर एकदम शांतता पसरली. मग वकीलसाहेब घसा साफ करून म्हणाले, “सर, हे तुम्ही नेहमी बरोबर घेऊन हिंडता?” त्यांनी ‘हे’ शब्द असा उच्चारला की जणू माझ्या खिशातून विंचू निघाला होता.

“गेली साठएक वर्षे,” मी म्हणालो.

“पण कशासाठी?”

वाचकहो, दोरीचा कापलेला तुकडा तेव्हा त्यांच्याच हातात होता.

मी त्या वेळी काही बोललो नाही. दिवाळीच्या तोंडावर शेजाऱ्यांशी वाद घालू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. पण दिवाळी अंकात वाद घालू नये, असे कोणी सांगितलेले नाही. म्हणून वर्षभर पोटात ठेवलेले उत्तर आज देतो.

पहिला आक्षेप असा, की चाकू हे गुंडांचे हत्यार आहे. सभ्य माणसाला त्याची गरज काय? हा समज कुठून आला ते सांगायला नको. रामपूर गावचे कारागीर खटकन उघडणारा लांब पात्याचा चाकू करीत. हिंदी सिनेमाने तो उचलला आणि प्रत्येक खलनायकाच्या मुठीत दिला. १९६५ सालच्या ‘वक्त’मधला राजकुमारचा चाकूविषयीचा संवाद आजही लोक हौसेने म्हणून दाखवतात. रामपुरात तर २०२३ साली एका चौकात सुमारे २० फुटी चाकूच उभा केला आहे. पण रामपुरी चाकूवरून खिशातल्या चाकूची परीक्षा करणे म्हणजे तलवार पाहून सुईला घाबरणे होय. इंग्रजीत या छोट्या चाकूला पेनचा चाकू म्हणतात, कारण पिसाच्या लेखणीला टोक काढण्यासाठी तो जन्मला. आपल्याकडेही कलमतराश होताच. दफ्तरातला कारकून बोरू छाटल्याशिवाय मोडीची एक ओळ लिहू शकत नव्हता. म्हणजे पाहा, हा चाकू मूळचा लेखनिकाचा, पंतोजीचा, कारकुनाचा! त्याहून सभ्य कुळी कोणाची असणार?

आणि आपल्या मराठी घरांना पात्याचे एवढे भय कधीपासून वाटू लागले? मूल जन्मले की त्याच्या उशाखाली लोखंडाचे काहीतरी ठेवतात; पुष्कळ घरी ते सुरी किंवा विळाच असते. लग्नात नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार देतात. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांना हळदकुंकू वाहतात. आजोबांच्या चंचीत पानसुपारीबरोबर अडकित्ता असे; कोकणातला शेतकरी कमरेच्या आकडीला कोयती अडकवल्याशिवाय बागेत जात नसे. त्यांना कोणी विचारले नाही, ‘हे तुम्ही नेहमी बरोबर घेऊन हिंडता?’ जन्मापासून बोहल्यापर्यंत ज्याची साथ, तो चाकू खिशात गेला की मात्र माणूस संशयित!

वकीलसाहेबांचा दुसरा मुद्दा कायद्याचा. तो त्यांनी जिना उतरताना सुनावला. मी वकील नाही. पण या एका विषयापुरते कायद्याचे पुस्तक उघडून पाहिले आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम हत्यारांच्या यादीत जे चाकू धरतात, ते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे. आणि त्यांतूनही घरकामाची, शेतीची, शास्त्रीय आणि कारखान्यातली अवजारे वगळलेली. माझ्या चाकूचे पाते पावणेतीन इंचांचे. आपल्या राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यात ३७ वे कलम आहे. त्याखाली शांतता बिघडण्याचे भय असेल तेथे शस्त्रे बाळगण्याला काही दिवस मनाई करता येते. त्या यादीत चाकू आहे हे खरे, पण त्याच यादीत काठीही आहे. म्हणून आपण आजोबांची काठी काढून घेतली काय? जेथे मनाई आहे तेथे चाकू नेऊ नये, हे मीही म्हणतो. सभा, मिरवणूक, मतदान, न्यायालय, विमान या ठिकाणी तो घरी ठेवावा. पण चार ठिकाणी चपला बाहेर काढाव्या लागतात म्हणून कोणी जन्मभर अनवाणी हिंडत नाही.

विमानाचे नाव निघाले म्हणून माझी एक फजिती सांगून टाकतो. नाहीतर घरची मंडळी ती सांगतीलच. काही वर्षांपूर्वी मी विमानतळावर गेलो तो खिशात वडिलांचा चाकू तसाच. शिंगाच्या मुठीचा, पाते घासून घासून निम्मे झालेला. तपासणीवरच्या तरुणाने तो अदबीने काढून घेतला आणि एका डब्यात टाकला. डब्यात तो पडल्याचा आवाज अजून कानात आहे. तरुणाची चूक नव्हती. चूक सर्वस्वी माझी. चाकू कसा निवडावा याचा पहिला धडा मी त्या दिवशी शिकलो, तो पुढे सांगतो.

तिसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. ‘घरात सुरी आहे, कचेरीत कात्री आहे, मग खिशात कशाला?’ याला उत्तर एकच. दोरी घरात कापायची नसते, गच्चीवर कापायची असते. गरज ही आपण असू तेथे येते. पार्सलाची चिकटपट्टी, औषधाची न फाटणारी पुडी, गजऱ्याचा उरलेला दोरा, पेन्सिलीचे टोक, एस.टी.त बसल्यावर घेतलेला पेरू, वायरीवरचे आवरण, पूजेच्या फुलांची लांब देठे, या सगळ्यांसाठी आपण दिवसभर नखे, दात आणि किल्ल्या वापरतो. एका संक्रांतीला आमच्या समोरच्या गुलमोहरावर मांजात अडकलेली घार उलटी लोंबकळत होती. खाली तीसचाळीस माणसे उभी होती, निम्मी तिचे फोटो काढत होती. शिडी आणेपर्यंत एक आणि चाकू सापडेपर्यंत दुसरी अशी वीस मिनिटे गेली, कारण त्या दिवशी मीही सदरा बदलताना माझा चाकू घरीच विसरलो होतो. घार खाली उतरवली तेव्हा तिचा पंख कामातून गेला होता. तेव्हापासून सदरा बदलला की मी आधी चाकू चाचपतो, मग पैशांचे पाकीट.

चौथा आक्षेप मुलांच्या नावाने येतो. त्याचे उत्तर जपानने देऊन ठेवले आहे. तेथे मिकी गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिगोनोकामी नावाचा मिटता चाकू तयार होतो. पितळी किंवा लोखंडी पत्र्याची घडी हीच मूठ, आत एक पाते, कमान नाही, खटका नाही. अंगठ्याने दाबून धरायचा, बस्स. शाळेतली मुले त्याने पेन्सिलीला टोक काढीत आणि लाकडाची खेळणी करीत. १९६० च्या ऑक्टोबरात तेथील समाजवादी पुढारी इनेजिरो असानुमा यांचा एका सतरा वर्षांच्या पोराने भर सभेत खून केला. सारा देश हादरला आणि मुलांच्या हाती चाकू देऊ नये अशी चळवळ उभी राहिली. आता गंमत पाहा. तो खून झाला होता तलवारीने. शिक्षा झाली पेन्सिलीच्या चाकूला! खून करणारा हात कोणी घडवला हा प्रश्न अवघड होता. दप्तरातला चाकू काढून घेणे सोपे होते. माणसे बहुधा सोपे तेच करतात आणि त्याला खबरदारी म्हणतात.

आमच्या लहानपणी शाळेत चाकूला बंदी होती, म्हणून आम्ही दाढीचे पाते अर्धे मोडून कंपासपेटीत ठेवीत असू. दोन्ही अंगांनी धार, धरायला मूठ नाही, मिटायला घडी नाही. माझ्या अंगठ्यावरची खूण त्या अर्ध्या पात्याची आहे, चाकूची नव्हे. मी पुढे तीस वर्षे शाळेत हस्तव्यवसाय शिकवला. मला दिसले ते इतकेच की, ज्यांच्या हाती अवजार नीट दिले त्या मुलांनी बोट कापले तर एकदा कापले. जी अवजारापासून लपवून वाढवली, त्यांनी पुढे मोठेपणी आंबा चिरताना तळवा फाडून घेतला.

इथवर वाचून चाकूचे शौकीन खूश झाले असतील. त्यांनी फार खूश होऊ नये; आता पाळी त्यांची आहे.

हल्ली चाकू बाळगणाऱ्यांची एक नवी जात निघाली आहे. हे लोक चाकू वापरीत नाहीत, जमवतात. त्यांच्या तोंडी पोलादाची नावे असतात, ती मोटारीच्या नंबरासारखी, दोन अक्षरे आणि तीन आकडे. त्यांचे चाकू काळ्या रंगाचे, अर्धे पाते करवतीचे, मुठीला कवटीची आकृती. एका बोटाने झटकन उघडतात आणि तो उघडल्याचा आवाज मित्रांना पुन्हापुन्हा ऐकवतात. मी एकाला विचारले, “याने तुम्ही काय कापता?” तो बराच विचार करून म्हणाला, “पार्सले.” पार्सलात काय येते, म्हणून विचारले, तर नवा चाकू! असा हा व्यवहार. वकीलसाहेबांच्या मनातले भय आणि या शौकिनाच्या मनातली ऐट, दोन्हींचा बाप तोच रामपुरी सिनेमा. एकाला चाकू पाहून गुंड आठवतो, दुसऱ्याला चाकू हातात घेतला की आपणच गुंड झाल्यासारखे वाटते. पेरू मात्र दोघांच्याही डोक्यात नाही.

आणि जो कोणी ‘स्वसंरक्षणासाठी’ चाकू घ्यायला निघाला असेल, त्याने हे पान उलटून पुढच्या कथेकडे जावे. माझ्याजवळ त्याच्यासाठी काही नाही. भांडणात चाकू काढणारा माणूस भांडण मोठे करतो आणि बहुतेक वेळा आपलीच बोटे कापून घेतो. चाकू खिशात असण्याचा ज्याला धीर वाटतो, त्याने तो बाळगूच नये. ज्याला तो खिशात असल्याचा विसर पडतो, त्यानेच बाळगावा. आणि विमानतळावर तेवढी आठवण ठेवावी.

मग घ्यावा तरी कसा? ऐका.

पात्याची लांबी आपल्या चार बोटांच्या रुंदीएवढी असावी. आपल्या पूर्वजांनी अंगुळांनी मोजायचे ठरवले ते उगाच नव्हे. चार बोटे म्हणजे सुमारे तीन इंच. तेवढ्यात हापूस कोयीपर्यंत चिरता येतो आणि समोरच्याच्या पोटात गोळाही येत नाही. योगायोग असा की, इंग्लंडातल्या १९८८ च्या कायद्यानेही विनाकारण खिशात बाळगता येईल अशा मिटत्या चाकूची मर्यादा तीन इंचच ठरवली आहे, आणि तेथील न्यायालयांनी त्यात आणखी एक अट वाचली आहे: पाते उघडल्यावर पक्के अडकणारे नसावे.

या अडकण्यावरून मोठे रण माजते. शौकीन म्हणतात, पाते पक्के अडकले नाही तर ते बोटावर मिटेल, म्हणून खटका हवाच. माझे म्हणणे उलट आहे. नुसत्या कमानीवर उभा राहणारा चाकू ओढून कापायला उत्तम. तो मिटतो केव्हा, तर आपण त्याने भोसकायला, उचकटायला किंवा टोकावर जोर द्यायला जातो तेव्हा. म्हणजे जे करू नये ते करताना! असा गुरू खिशात असणे वाईट काय? ज्यांच्या हाताला अजून वळण नाही त्यांच्यासाठी मात्र अडकणारे पाते बरे. फ्रान्सातल्या सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेल नावाच्या लोहाराच्या पोराने १८९० साली लाकडी मुठीचा एक साधा चाकू काढला. पुढे त्याचे १ ते १२ असे नंबर ठरले, आणि १९५५ साली मुठीच्या तोंडाशी फिरवण्याची एक पत्र्याची कडी बसवली. कडी फिरवली की पाते हलत नाही. शेतकरी, गवंडी, चित्रकार सगळे तो वापरतात. त्यांनी मुलांसाठीही एक काढला आहे. त्याचे टोक बोथट आणि गोल, धार मात्र खरी. मुलांना काय द्यावे हे त्या लोकांना बरोबर कळले: टोक नको, धार हवी.

पोलादाचे नंबर पाठ करण्याची गरज नाही. दोनच जाती ध्यानात ठेवा. एक काळे पोलाद. ते दगडावर चटकन पाजवले जाते, धार सुरेख धरते, पण कैरी किंवा लिंबू कापून तसेच ठेवले तर दुसऱ्या दिवशी काळेनिळे होते आणि पावसाळ्यात गंजते. दुसरे न गंजणारे. त्यात क्रोमिअम असते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअरली यांनी १९१३ साली ते ओतल्यापासून जगातल्या सुऱ्यांचे रूप पालटले. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्याने दुसरे घ्यावे. देशावर राहणाऱ्याने आणि पुसून ठेवण्याचा कंटाळा नसणाऱ्याने पहिले घेऊन पाहावे. फार कठीण पोलादाच्या नादी लागू नये. ते महिनोन्‌महिने धार टिकवते हे खरे, पण एकदा गेली की घरच्या दगडाला दाद देत नाही. जो चाकू आपल्याला घरी पाजवता येत नाही तो आपला नव्हे. तो दुकानदाराचा, आपल्याकडे भाड्याने राहिलेला.

पाजवणे म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. दारावर शिकलगार येत असे तेव्हा ठीक होते, आता तो क्वचितच येतो; आणि आला तरी त्याच्या फिरत्या चाकावर लहान पात्याचा बळी देऊ नये. एक चपटा दगड घ्यावा, तोही नसला तर चिनी मातीची बशी पालथी घालावी. तिच्या बुडाशी चकाकी नसलेली खरखरीत कडा असते. तिच्यावर पाते थोडे तिरपे, साधारण पंधरा ते वीस अंशांत धरून दोन्ही अंगांनी सारखे दहा-दहा वेळा ओढावे. धार उजेडाकडे धरून पाहावी. जेथे ती चमकते तेथे ती बोथट आहे. खरी धार दिसत नाही. हे पंधरा दिवसांतून एकदा केले तर पुरे. आणि बोथट चाकू निर्धोक असतो ही समजूत सोडावी. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो घसरतो, आणि घसरला की तो कोठे थांबेल हे आपल्या हाती राहत नाही.

चाकूत हत्यारे किती असावीत? स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९१ साली आपल्या शिपायांना जो चाकू दिला त्यात चार होती: पाते, टोच्या, डबा उघडायचे आकडे आणि बंदूक सोडवायचा पेचकस. कार्ल एल्सनर यांनी १८९७ साली त्याची हलकी आवृत्ती काढली, तिला दुसरे छोटे पाते आणि बाटलीच्या बुचाचा पेच जोडला. पुढे त्याच घराण्याने तेहेतीस कामांचाही चाकू काढला. तेहेतीस कामांचा चाकू मी पाहिला आहे. तो खिशात ठेवला की विजार एका बाजूला उतरते आणि तो हातात घेतला की मुठीऐवजी वीट धरल्यासारखे होते. एक पाते, फार तर एक कात्री आणि एक पेचकस. चौथ्या वस्तूपासून आपण चाकू घेत नसून दुकान घेतो.

किमतीचा नियम मला त्या विमानतळावरच्या डब्याने शिकवला. चाकू असा घ्यावा की, हरवला तर हळहळ वाटावी, पण झोप उडू नये. फार स्वस्त घेतला तर त्याची कमान वर्षभरात ढिली पडते आणि पाते उघड्यावर डुगडुगू लागते. फार महाग घेतला तर तो पेरूला लावायला जीव होत नाही. वडिलांचा चाकू पेटीत ठेवावा. खिशात आपला ठेवावा.

आता शेवटचे, आणि हे मला बोलायला जड जाते.

वकीलसाहेबांना मी मनातल्या मनात वर्षभर इतकी उत्तरे दिली, की ती सगळी मी या दिवाळीत माझ्या मुलीला वाचून दाखवली. ती चव्वेचाळीस वर्षांची आहे, दोन मुलींची आई आहे. तिने शांतपणे सगळे ऐकले आणि म्हणाली, “बाबा, दादाला तुम्ही बाराव्या वाढदिवसाला चाकू दिलात. त्याने तो आठ दिवसांत हरवला. मी मागितला तेव्हा काय म्हणाला होता, आठवतं?”

मला आठवत नव्हते. तिला आठवत होते.

“म्हणालात, मुलीच्या जातीला चाकू कशाला? बोट कापून घेशील. आणि त्याच वर्षी आईने मला विळीवर बसवलं. नारळ खवायला, मेथी चिरायला, पुढे मासे कापायलाही. फूटभर पातं, वर तोंड करून उभं, झाकण नाही, घडी नाही. तेव्हा माझ्या बोटाची काळजी कोणालाच नव्हती.”

वाचकहो, तीस वर्षे मी पोरांना हस्तव्यवसाय शिकवला, आणि या एका वाक्याला माझ्याजवळ उत्तर नाही. ज्या समाजाने घराघरांत जमिनीवर उघडे पाते मांडून बायकांना त्याच्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या बसवले, तो समाज मुलीच्या खिशातल्या चार बोटे पात्याला भितो, हे भय बोटाचे असणे शक्य नाही. विळी घरात राहते आणि बसणारीलाही घरात ठेवते. चाकू खिशात जातो, आणि खिसा बाहेर जातो. मी वकीलसाहेबांना हसत होतो, पण ‘कशासाठी?’ हा त्यांचा प्रश्न त्यांच्या आधी तीस वर्षे मी स्वतःच्या मुलीला विचारून बसलो होतो. त्यांनी निदान उत्तराची वाट तरी पाहिली.

आणि खिशाचे म्हणाल, तर तो बायकांच्या कपड्यांना अजून शिंपी देत नाहीत. साडीला नाही, पुष्कळशा ड्रेसांना नाही. असला तर दोन बोटे खोल, नावापुरता. तो मिळेपर्यंत कमरेच्या छल्ल्याला किल्ल्यांबरोबर एक छोटा चाकू राहू शकतो. ज्या घरात तिजोरीची किल्ली तिच्या कमरेला चालते, त्या घरात चाकूही चालायला हरकत नसावी.

या वर्षी आम्ही घरचा कंदील केला. धाकटी नात अकरा वर्षांची आहे. तिच्यासाठी कडीचा, गोल टोकाचा चाकू आणला. देताना तिच्याकडून एक रुपया घेतला, कारण चाकू फुकट दिला तर प्रेम तुटते असे पुष्कळ लोक मानतात, आणि या मुलीशी माझे तुटलेले मला परवडणार नाही. तिला तीन नियम सांगितले. पाते नेहमी अंगापासून दूर ओढायचे. उघडा चाकू हातात घेऊन चालायचे नाही. दुसऱ्याला द्यायचा तो मिटून. मग तिला बांबूचे एक कांडे दिले. पहिल्या चार कामट्या वाकड्या निघाल्या, पाचवी सरळ. सहावीला तिच्या डाव्या तर्जनीला जरा लागले. तिने बोट तोंडात घातले, माझ्याकडे पाहिले, आणि मी काही बोलत नाही असे पाहून पुन्हा कामटीला लागली. कंदील थोडा कलता झाला आहे. पतंगी कागद एका कोपऱ्यात सुरकुतला आहे. तो आमच्या खिडकीत लावला आहे, आणि गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या थोर कंदिलाखाली तो जरा बारीकच दिसतो.

काल वकीलसाहेब खाली भेटले. त्यांच्या हातात फराळाचे पार्सल होते, चहूबाजूंनी चिकटपट्टी लावलेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, “सर, ते तुमच्याजवळ आहे का?”

मी म्हणालो, “माझा वर राहिला. पण ही आहे ना.” आणि नातीने तिचा काढून पुढे केला. मिटलेला.